एकादशी, भात लावणी आणि रिकामं कोठार: तीव्र जंतुसंसर्गात यकृताची साखर संपते तेव्हा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडच्या पट्ट्यात, आषाढात भात लावणी ऐन भरात असते. बायका सकाळी चिखलात उतरतात त्या दुपार कलल्यावरच बांधावर येतात. मधल्या वेळात पाणी मुद्दाम कमी पितात, कारण पाणी प्यायलं की लघवीला जायचं कुठे हा प्रश्न. त्याच दिवसांत आषाढी एकादशी येते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होऊ शकतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

प्रकरण तालुका पातळीवरच्या डॉक्टर-नर्ससाठी आणि अतिदक्षता विभागात नव्याने लागलेल्यांसाठी बांधलेलं आहे. रुग्ण म्हणजे कुणी एक ठरावीक बाई नव्हे. आकडेही उदाहरणाचे आहेत, पण ते शरीराच्या हिशोबाशी जुळतील असे घेतले आहेत.

काय घडलं

बाई ५४ वर्षांची, वजन ४४ किलो. मधुमेह नाही, दारू नाही. दशमीच्या रात्री आठला भात-आमटी जेवली. एकादशीला दोन वेळा चहा आणि एक केळं. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, डाव्या कुशीत दुखू लागलं. द्वादशीला दोन घोट पेज घेतली, ती उलटून पडली. मुलाने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, दोन दिल्या. त्रयोदशीला पहाटे बाई बोलेना, घामाने भिजलेली, हाक मारली की नुसती हुंकार देई. सकाळी आठला तालुक्याच्या दवाखान्यात आणली. शेवटच्या पोटभर जेवणाला तोवर ६० तास झाले होते.

हा ६० तासांचा आकडा केसपेपरवर आधी नव्हता. "जेवण झालं काय?" असं विचारलं की आपल्याकडे उत्तर "झालं" असंच येतं, ते रामरामासारखं आहे. "पोटभर शेवटचं कधी जेवल्या? त्या दिवशी काय होतं?" असं विचारल्यावर दशमी निघाली. तिथीवरून तास मोजता येतात, आणि घरच्यांना तारीख आठवत नसली तरी तिथी पक्की आठवते.

रक्तदाब ८४/५०, नाडी १२६, श्वास मिनिटाला २८, ताप ३९.१ अंश सेल्सियस. हातपाय गार. बोटाच्या टोकावरून ग्लुकोमीटरने साखर घेतली, आली ११८. कागदावर "साखर ठीक" असं लिहिलं गेलं आणि सगळ्यांचं लक्ष रक्तदाबाकडे वळलं.

दुसऱ्या हाताला सुई लावताना सिस्टरना तळवा चिकट लागला. "मामींचा हात चिकट कशानं?" मुलगा म्हणाला, "गूळ घातला की तोंडात, हातावरबी दिला चाटायला. लय गळाठली हुती." शिरेतून घेतलेल्या रक्ताचा थेंब त्याच मीटरवर टाकला तेव्हा आकडा आला ४१. फ्लोराइड असलेल्या, राखाडी टोपणाच्या नळीतला नमुना प्रयोगशाळेत ३६ निघाला.

११८, ४१ आणि ३६: तीन आकडे का?

पहिला आकडा गुळाचा होता. बोटावर गूळ, केळं, आंबा, प्रसादाचं पंचामृत यांपैकी काहीही लागलेलं असेल तर थेंबात ती साखर मिसळते. स्पिरिटचा बोळा एकदा फिरवून ती जात नाही. साबण-पाण्याने धुवावं लागतं, आणि ते जमत नसेल तर ओल्या कापडाने बोट पुसून, कोरडं करून, पहिला थेंब टाकून देऊन दुसरा घ्यावा.

४१ आणि ३६ यांतला फरक रक्तक्षयाचा. बाईचं हिमोग्लोबिन ८.२ होतं. तांबड्या पेशी कमी असल्या की बहुतेक पट्ट्या साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. शिवाय शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब पडून अवयवांना रक्त पुरत नाही तेव्हा, बोटाच्या टोकाला रक्त धड पोचत नाही, त्यामुळे तिथला आकडा कुठल्याही बाजूला चुकू शकतो. गार बोटाच्या थेंबावर भरवसा ठेवू नये. शिरेतलं किंवा धमनीतलं रक्त घ्यावं.

चौथा आकडाही होता. त्याच वेळी साध्या नळीत घेतलेलं रक्त इतर तपासण्यांसाठी बेळगावला गेलं. अडीच तासांनी तपासलं तेव्हा त्यात साखर २९ दिसली. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि ताशी साधारण ५ ते ७ टक्के साखर खातात, पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर त्याहून जास्त. पावसात रस्ता अडला की नमुना तीन-चार तास गाडीत पडून राहतो, आणि मग नसलेली कमी साखर कागदावर उगवते. फ्लोराइडची नळी म्हणूनच. तिचाही परिणाम पूर्ण यायला तास-दोन तास लागतात, म्हणून थंड पिशवीत ठेवून लवकर पाठवलेली बरी.

गुळाबद्दल आणखी एक. भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात गूळ-पाणी घालू नये. ते फुप्फुसात जातं, आणि मूळ आजारात न्यूमोनियाची भर पडते. ते दिलं म्हणून मुलावर रागावण्यातही अर्थ नाही, त्याचा अंदाज बरोबरच होता.

कोठारात होतं किती?

धडधाकट माणसाच्या यकृतात भरपेट जेवणानंतर सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखळीत गुंफून साठवलेली साखर, असतं. यकृताच्या वजनाच्या ५ ते ८ टक्के. या बाईचं यकृत जेमतेम एक किलोच्या पुढे धरलं तर दशमीच्या रात्री तिच्याकडे ५०-६० ग्रॅम होतं असं समजू.

खर्च बघा. रात्रभर उपाशी माणसाचं यकृत दर मिनिटाला, दर किलो वजनामागे सुमारे २ मिलिग्रॅम साखर रक्तात सोडतं. ४४ किलोला ताशी ५.३ ग्रॅम होतात. एकट्या मेंदूलाच दिवसाला १०० ग्रॅमच्या वर लागते. रक्तात फिरती साखर एका वेळी फार तर ४-५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा. यकृताने हात आखडला की हा चमचा तासाभराचा माल आहे.

सुरुवातीला निम्मी साखर ग्लायकोजेन मोडून येते आणि निम्मी नव्याने बनवून. जसजसे तास जातात तसं कोठार रितं होतं. २४ ते ३६ तासांत ते जवळपास संपतं आणि सगळा भार नव्याने साखर बनवण्यावर येतो. निरोगी माणूस त्यावर आरामात आठवडे काढतो. एकादशीने कुणी बेशुद्ध पडत नाही, कारण यकृत दुधाम्लापासून (लॅक्टेट), अमिनो आम्लांपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून साखर बनवत राहतं, आणि चरबीपासून कीटोन तयार करून मेंदूची साखरेची गरजही कमी करतं. उपवास एकटा हे करत नाही, आणि बहुतेक वेळा जंतुसंसर्ग एकटाही करत नाही. इथे दोन्ही एका संध्याकाळी भेटले.

स्नायूंत ग्लायकोजेन यकृतापेक्षा कितीतरी जास्त असतं, मग ते का येत नाही? रक्तात साखर सोडायची तर शेवटच्या पायरीला ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे एन्झाइम लागतं. ते यकृतात आणि मूत्रपिंडात आहे, स्नायूत नाही. स्नायूचं कोठार आतून कडी लावलेलं असतं. तिथली साखर तिथेच जळते आणि बाहेर येतं ते दुधाम्ल.

जंतू काय करतात

हुडहुडी भरली त्या संध्याकाळी कुणी साखर मोजली असती तर ती बहुधा वाढलेली दिसली असती, १६०-१८० च्या घरात. संसर्गाच्या पहिल्या टप्प्यात अॅड्रेनलिन, ग्लुकॅगॉन आणि कॉर्टिसॉल एकदम चढतात. पहिली दोन यकृताच्या पेशीत फॉस्फोरायलेज हे एन्झाइम जागं करतात, ते ग्लायकोजेनच्या साखळीचे मणी एकेक करून तोडतं. त्याच इशाऱ्याने ग्लायकोजेन रचणारं सिंथेज बंद पडतं. म्हणजे कोठाराचं दार उघडं आणि आत माल टाकायचा रस्ता बंद. जंतूंशी लढणाऱ्या पेशींनी सोडलेले टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ हे रेणू स्नायू व चरबीला इन्सुलिनचं ऐकू देत नाहीत, म्हणून रक्तातली साखर वर राहते. म्हणूनच सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या, बहुसंख्य रुग्णांत साखर वाढलेली सापडते, आणि कमी सापडली की हात क्षणभर थबकतात.

खर्चही वाढतो. तापाच्या प्रत्येक अंशामागे शरीराचा एकूण खर्च १० टक्क्यांच्या आसपास चढतो. पांढऱ्या पेशी लढताना साखर अर्धवटच जाळतात, घाईत. त्यामुळे त्यांना ती फार लागते. यकृतातल्या कुप्फर पेशी याच जातीच्या, आणि त्या थेट कोठाराच्या दारात बसलेल्या.

मग दुसरा टप्पा. कोठार संपतं आणि कारखाना चालायला हवा तेव्हाच तो बंद पडतो. ई. कोलायसारख्या जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन आणि त्यातून उसळलेले दाहक रेणू यकृतपेशीत साखर बनवणाऱ्या एन्झाइमांची निर्मितीच दाबतात. यात पीईपीसीके आणि वर आलेलं ग्लुकोज-६-फॉस्फटेज ही दोन महत्त्वाची. शिवाय रक्तदाब पडला की यकृताला रक्त आणि प्राणवायू कमी मिळतो, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया मंदावतात. दुधाम्लाच्या दोन रेणूंपासून साखरेचा एक रेणू बनवायला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, सहा रेणू खर्ची पडतात. ते आणायचे कुठून?

बेळगाव जिल्ह्यात हे समजावायला साखर कारखान्यापेक्षा सोपं उदाहरण नाही. गाळपाच्या हंगामात बॉयलर बंद पडला की काय दिसतं? गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लांबत जाते आणि गोदामात पोतं येत नाही. ऊस कमी म्हणून साखर नाही असं कुणी म्हणणार नाही. या बाईचं दुधाम्ल ६.४ मिलिमोल होतं, साखर ३६. कच्चा माल तुंबलेला आणि पक्का माल शून्य. हे दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले जातात, एक "शॉक"खाली आणि दुसरा "इतर"खाली, पण इथे बिघाड एकच आहे. सेप्सिसमध्ये दुधाम्ल वाढण्याला इतरही कारणं असतात. पण वाढलेलं दुधाम्ल आणि पडलेली साखर एकत्र दिसली की यकृताचा बॉयलर थंडावलाय असं धरून चालावं. बिलीरुबिन २.४, आयएनआर १.५, एएसटी ९६ हे आकडे एवढे भयंकर नव्हते. नेहमीची यकृत तपासणी पेशी फुटल्या का ते सांगते, पेशी काम करतात का ते फारसं सांगत नाही.

मूत्रपिंडही उपाशीपणात साखर बनवायला हातभार लावतं. इथे क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) २.६. म्हणजे दुसरा छोटा कारखानाही बंद.

दुसरं काही नाही ना?

सेप्सिसमुळे साखर पडली हे निदान शेवटी उरतं म्हणून करायचं. घरात सासऱ्यांना मधुमेह होता, त्यांच्या ग्लिमेपिराइडच्या गोळ्या फळीवर. अंधारात, तापात, चुकीची पट्टी हाती लागणं अशक्य नाही. मुलाला पट्टी आणायला सांगून गोळ्या मोजल्या, हिशोब जुळला. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि रक्ताच्या तपासणीच्या कितीतरी आधी उत्तर देतं. मूत्रपिंड बिघडलं असताना ही गोळी दोन-तीन दिवस साखर पाडत राहते, आणि तेव्हा इन्सुलिन सुटणं दाबणारं ऑक्ट्रिओटाइड त्वचेखाली ५० मायक्रोग्रॅम द्यावं लागतं.

दुकानातून आणलेल्या गोळ्या लिव्होफ्लॉक्सासिन ५०० निघाल्या. या कुळातली औषधं साखर खाली-वर करतात. त्यांतल्या गॅटिफ्लॉक्सासिनवर भारतात २०११ साली बंदी आली ती याच कारणाने. मूत्रपिंड मंद असताना लिव्होफ्लॉक्सासिन साचतं, त्यामुळे तिचा वाटा थोडा असूही शकेल.

डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं ग्लुकोज, देण्याआधी त्याच सुईतून ६ मिलिलिटर रक्त वेगळं काढून ठेवलं होतं. यात अर्धं मिनिट जातं. साखर दिल्यावर मात्र हा पुरावा कायमचा पुसला जातो. इन्सुलिन १.२, शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना सोबत सुटणारं सी-पेप्टाइड ०.४ नॅनोग्रॅम, म्हणजे दोन्ही दबलेले. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी दोषी नाही. कॉर्टिसॉल ३१, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथी जागी. लक्षवेधी निघालं ते कीटोन: ०.९ मिलिमोल. ६० तास उपाशी आणि इन्सुलिन एवढं कमी, तर कीटोन याच्या दोन-तीन पट तरी हवे होते. चरबी जाळून कीटोन बनवण्याचं कामही यकृताचंच. उंदरांवरच्या प्रयोगांत सेप्सिसमध्ये यकृताची ही क्षमता घटलेली दिसते. या बाईच्या मेंदूला साखर नव्हती आणि पर्यायी इंधनही नव्हतं.

उपचार, आणि वाटेत झालेली चूक

नातेवाइकांना सांगताना एक भाषेचा घोळ नेहमी होतो. आपल्याकडे "साखर आहे" म्हणजे मधुमेह आहे. "साखर कमी आलीय" असं सांगितलं तर मुलगा म्हणाला, "मग बरंच की." त्याला सांगावं लागतं: अंगातलं बळ संपलंय, मेंदूला खायला काही नाही, हे तापापेक्षा आधी सावरायचंय.

कोपरातल्या मोठ्या शिरेत २० नंबरची सुई. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅम, दहा मिनिटांत. सोबत थायमिन (जीवनसत्त्व बी-१) २०० मिलिग्रॅम, पण त्यासाठी डेक्स्ट्रोज थांबवायचं नाही. पंधरा मिनिटांनी साखर १५१, बाईने डोळे उघडून मुलाला ओळखलं. रक्त-लघवीचे कल्चर घेऊन सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅम पहिल्या तासात. दुसऱ्या हातातून रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाइन), किलोमागे ३० मिलिलिटर या हिशोबाने तीन तासांत १.३ लिटर.

ग्लुकॅगॉनची सुई इथे निरुपयोगी. ती कोठाराचं दार उघडते, आत काही असेल तर. मधुमेही माणसाने इन्सुलिन जास्त घेतलं असेल तर ती जीव वाचवते, कारण तिथे कोठार भरलेलं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. इन्सुलिनने साखर पडली तर २५ ग्रॅम दिल्यावर, खायला घातल्यावर यकृत पुन्हा सूत्रं हाती घेतं. इथे सूत्रं घ्यायला कुणी नाही. म्हणून ही साखर "दुरुस्त" होत नाही, ती बाहेरून ताशी किती ग्रॅम या दराने पुरवत राहावी लागते, यकृत उठेपर्यंत. १० टक्के डेक्स्ट्रोज ताशी ५० मिलिलिटर म्हणजे ५ ग्रॅम, यकृताच्या नेहमीच्या ५.३ ग्रॅमच्या जवळ. २० थेंबांच्या साध्या सेटने मिनिटाला १७ थेंब. १० टक्क्यांची बाटली नसेल तर ५ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटरमधून १२५ काढून टाकावं आणि २५ टक्क्यांचं १२५ घालावं, बरोबर १० टक्के होतं.

५ टक्क्यांची बाटली, गावात जिला "ग्लुकोज चढवणं" म्हणतात, तिच्यात ५०० मिलिलिटरला फक्त २५ ग्रॅम असतात. आठ तासांत चढवली तर ताशी ३ ग्रॅम. एवढ्याने भागत नाही, आणि भरभर सोडली तर साखर वापरली जाऊन मागे नुसतं पाणी उरतं, सोडियम घसरतं, रक्तदाब मात्र वर येत नाही.

निघताना साखर १३८ होती, १५१ वरून हळूहळू उतरत होती. तो इशारा होता, ताशी ५ ग्रॅम पुरत नाहीत. १०८ च्या गाडीत एका हाताची सुई निसटली. राहिलेल्या एका नळीतून रक्तदाबासाठी रिंगर लॅक्टेट चालू ठेवलं, डेक्स्ट्रोज बंद केलं. "साखर तर नॉर्मल आहे" हा त्यामागचा विचार. बेळगावात पोचून, नोंदणी होऊन, खाटेवर येईपर्यंत ८० मिनिटं. साखर ४६, बाई पुन्हा गुंगीत.

या चुकीतून एक उपयोगी आकडा मिळाला. साखर शरीरातल्या साधारण ९ लिटर पाण्यात पसरते असं धरलं तर ९२ चा उतार म्हणजे ८.३ ग्रॅम, ८० मिनिटांत. ताशी ६.२ ग्रॅम. ढोबळ आहे, पण दर ठरवायला पुरतं: १० टक्के डेक्स्ट्रोज ताशी ६५ मिलिलिटरने सुरू. एकच नळी उरली असेल तर इंग्रजी Y आकाराची जोडणी लावून दोन्ही बाटल्या एकत्र चालवता येतात, डेक्स्ट्रोज आणि रिंगर लॅक्टेट एका नळीतून जायला अडचण नाही. रेफरल चिठ्ठीवर "साखर १३८" लिहून भागत नाही. "१० टक्के डेक्स्ट्रोज चालू, थांबवू नका, दर ३० मिनिटांनी शिरेतली साखर बघा" हे लिहावं, आणि गाडीतल्या माणसाला तोंडी सांगावं, मराठीत किंवा कानडीत, त्याला जी कळेल तीत.

यकृत उठलं कसं

अतिदक्षता विभागात रक्तदाब चढवणारं नॉरअॅड्रेनलिन किलोमागे मिनिटाला ०.३ मायक्रोग्रॅमपर्यंत चढवावं लागलं, दर सहा तासांनी हायड्रोकॉर्टिसोन ५० मिलिग्रॅम. प्रतिजैविक मेरोपेनेमवर नेलं. पहिल्या सहा तासांत साखरेची मागणी वाढतच गेली, ताशी ९ ग्रॅमपर्यंत, किलोमागे मिनिटाला ३.४ मिलिग्रॅम. एवढं १० टक्क्यांच्या डेक्स्ट्रोजने द्यायचं तर पाणी फार होतं, म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेतून २५ टक्के, ताशी ३६ मिलिलिटर. हातातल्या शिरेतून हे असं तासन्तास देऊ नये, शीर जळते.

मागणी वाढत राहणं हीच खूण होती की मूळ जागा अजून पेटलेली आहे. सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीत ८ मिलिमीटरचा खडा आणि वर फुगलेलं मूत्रपिंड. अडकलेला पू बाहेर काढल्याशिवाय प्रतिजैविक पोचत नाही. दाखल झाल्यापासून नवव्या तासाला डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी बारीक नळी, घातला, गढूळ लघवी सुटली. कल्चरमध्ये ई. कोलाय, रक्तात आणि लघवीतही.

विसाव्या तासाला साखर २१४. इथे नवख्या डॉक्टरचा हात इन्सुलिनकडे जातो. आधी बघायचं ते आपणच किती ओततोय ते. ताशी ९ ग्रॅम तसेच चालू होते. ते ५ वर आणलं, मग ३ वर. चोविसाव्या तासाला १६८, इन्सुलिनशिवाय. साखर १८० च्या वर टिकून राहिली तरच इन्सुलिन, आणि ठेवायची १४४ ते १८० मध्ये. घट्ट धरण्याचा मोह महागात पडतो. २००९ च्या नाइस-शुगर चाचणीत ६,१०४ रुग्णांत ८१ ते १०८ चं लक्ष्य ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले, १८० च्या आत ठेवण्यावर समाधान मानलेल्या गटात २४.९ टक्के. तीव्र साखर-घट पहिल्या गटात ६.८ टक्के, दुसऱ्यात ०.५ टक्के.

यकृत उठलं ते स्टेंटमुळे की हायड्रोकॉर्टिसोनमुळे (ते म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉलच), हे वेगळं काढता येत नाही. कॉर्टिसॉल साखर बनवणाऱ्या एन्झाइमांना चालना देतं, हेही खरं. पण दुधाम्ल स्टेंटनंतर सहा तासांत ३.१ वर आणि दुसऱ्या दिवशी १.६ वर आलं, म्हणजे गेटवरची रांग हलली होती. साखर पुरवण्याचा दर आणि दुधाम्ल एकाच तक्त्यावर शेजारी मांडले तर हे नुसत्या नजरेला दिसतं. डेक्स्ट्रोजची गरज कमी होणं ही यकृत परत आल्याची खाटेजवळ मिळणारी सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

सोळाव्या तासाला नाकातल्या नळीतून ताशी २० मिलिलिटर आहार सुरू केला. तिसाव्या तासाला फॉस्फरस ३.४ वरून १.५ वर. उपाशी शरीरात साखर आली की इन्सुलिन चढतं आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. ग्लायकोजेन रचायलाही फॉस्फरस लागतोच. हे आधी न बघितलं तर श्वासाचे स्नायू दमतात आणि बाई व्हेंटिलेटरवर का गेली ते कुणाला कळत नाही. फॉस्फेट शिरेतून दिलं, आहार एक दिवस तिथेच ठेवला, मग वाढवला. दर बारा तासांनी तिन्ही मोजले.

डेक्स्ट्रोज पूर्ण बंद झालं तिसऱ्या दिवशी, टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यानंतर दोन तास थांबून. पाचव्या दिवशी वॉर्डात, नवव्या दिवशी घरी. क्रिएटिनिन १.१. बाईने विचारलं, कार्तिकीला उपवास धरू काय? अंगात ताप नसेल, उलटी नसेल तर धरा, असं सांगितलं. ताप आला की तो दिवस उपवासाचा नाही, दर दोन-तीन तासांनी पेज, मीठ-साखरेचं पाणी. आणि लावणीला जाताना पाण्याची बाटली, लघवी दाबून ठेवायची नाही.

खडा अजून आत आहे आणि स्टेंटही. चार ते सहा आठवड्यांत परत येऊन दोन्ही काढायचे, ही तारीख चिठ्ठीवर मराठी आणि कानडी दोन्हीत लिहिली, मुलाच्या फोनमध्ये गजर लावला. विसरलेल्या स्टेंटवर खडा चढतो, आणि मग सगळं पहिल्यापासून.